चोराने फाडलेल्या पावत्या

१. रिकामी खोली

माळ्यावरून मेहुण्यांची आरोळी आली तेव्हा मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होते.

"गेले! अठराच्या अठरा गेले!"

सोमवार, सकाळचे पावणेनऊ. दुकान अजून उघडलं नव्हतं आणि माझी तर मोजणीही सुरू झाली नव्हती. माझा धंदा माल मोजण्याचा. बावीस वर्षं मी लोकांच्या दुकानांत जाते, फळीवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळतो का बघते, आणि जुळला नाही की सगळ्यांच्या शिव्या खाते. या दुकानात वर्षातून एकदा येणं होतं. इथे गेम कन्सोल, त्यांचे कंट्रोलर, डिस्क आणि मोठे टीव्ही विकतात. मला इथे सगळे मोजणीमावशी म्हणतात.

एकेका पायरीवर थांबत वर गेले. या माळ्यावरचा माल बघितला की माझं डोकं फिरतं. दोन पिढ्या जुन्या मशीनच्या डिस्क, गाण्याचे माइक, नाचायच्या चटया. सगळ्यांवर अर्ध्या किमतीच्या लाल चिठ्ठ्या, कालच्या रविवारच्या सेलसाठी. भिंतीशी स्टिअरिंग सेटचा ढीग, गाड्यांच्या शर्यती खेळायला लागतात ते. तीन वर्षांत त्यातला एक खपलेला नाही. त्यावर मात्र नवीकोरी पांढरी चिठ्ठी, आणि किंमत मागच्या वर्षीपेक्षाही चढी. या लोकांना धंदा करायचाच नाही, असं माझं जुनं मत आहे.

ढिगापासून दहा-बारा पावलांवर महाग मालाची खोली. दार उघडं, कुलूप शाबूत (किल्ली काउंटरमागे खिळ्यालाच टांगलेली असते), आत फळ्या रिकाम्या. मेहुणे मध्ये उभे राहून घाम पुसत होते. मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ आणि दुकानाचे मॅनेजर. नोकरी नात्यातली, त्यामुळे नावही तेच पडलं.

काय गेलं ते सांगायला हवं. नवं मशीन बाजारात आलं आणि पाच महिने कुठेच मिळेना. या दुकानाने अठरा लोकांकडून पूर्ण पैसे आगाऊ घेऊन त्यांना एक ते अठरा नंबर दिले होते. गुरुवारी अठरा डबे आले. शुक्रवारी कंपनीने कळवलं की सोमवारपासून किंमत पाचव्या हिश्शाने वाढणार. एके काळी मशीन जुनं होत जाई तशी किंमत उतरायची, आणि शहाणी माणसं वर्षभर थांबून घ्यायची. आता थांबणाराच मूर्ख ठरतो. शनिवारी मेहुण्यांनी ठरवलं की जुने नंबर रद्द, लोकांना पैसे परत, आणि अठरा डबे सोमवारी नव्या किमतीत विकायचे. मालकांनी मान डोलावली होती.

मेहुणे धडधडत खाली गेले आणि कॉम्प्युटर उघडून बसले. मी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"अठरा बिलं! काल सकाळी आठ दहा ते आठ पंचेचाळीस. बुकिंगवाल्यांच्याच नावावर, जुन्या किमतीत. आणि कोणाच्या लॉगिनवरून, बघा तुम्हीच!"

मी पाहिलं. लॉगिन पोपटचं होतं.

२. सहा वाजेपर्यंत

पोपट इथला सेल्समन. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, आणि त्याचं तोंड बंद झालेलं कोणी पाहिलेलं नाही. तो आला तेव्हा मालकही पोचले होते. मेहुण्यांनी त्याला काउंटरसमोर उभा केला.

"डबे कुठायत?"

"कुठले डबे?"

"साळसूदपणा पुरे! काल तू बिलं फाडलीस, डबे बाहेर काढलेस आणि काळ्या बाजारात विकलेस!"

"मेहुणेसाहेब, मी काल आठला आलो हे खरंय. पण—"

"बघा! स्वतःच कबूल करतोय!"

मेहुण्यांनी बुकिंगच्या यादीतल्या पहिल्या तिघांना फोन लावले. तिघांनीही सांगितलं की डबा मिळालेला नाही, आणि नंतर पाच मिनिटं मेहुण्यांची आई-बहीण काढली. म्हणजे बिलं त्यांच्या नावाची आणि माल भलत्याच्याच घरी, असं मालकांनी धरलं.

"सगळ्यांचे मोबाइल गल्ल्यात ठेवा," मालक म्हणाले. "आत्तापासून कोणी कोणाला फोन करणार नाही. मी संध्याकाळी सहाला परत येतो. तोवर डबे आले तर ठीक, नाहीतर पोपट, मी पोलिसांत जातो."

पोपट गप्प झाला नाही, पण त्याचा आवाज फाटला. "मालक, या धंद्यात चोरीचा डाग लागला की दुसरं दुकान दारातसुद्धा उभं करत नाही. मी काय करू? मला येतं काय दुसरं?"

मालक माझ्याकडे वळले. "मोजणीबाई, तुम्ही बाहेरच्या आहात. कोणाच्या नात्यातल्या नाही. आज मोजताय तर हेही बघा."

मोजायचे पैसे मिळतात, शोधायचे मिळत नाहीत, असं ओठावर आलं होतं. पण पोपट माझ्याकडे बघत होता. माझा मोबाइल मात्र माझ्याच पिशवीत राहिला. बाहेरची होते ना!

३. ज्याला त्याला विचारलं

पोपटला चहाच्या खोलीत नेलं.

"रविवारी आठला कशाला आलास? तू कधी दहाच्या आत येत नाहीस."

त्याने मान खाली घातली. "मावशी, लाज वाटते सांगायला. मोठ्या टीव्हीवर खेळायला आलो होतो. मी पाच वर्षं ही मशीनं विकतोय, पण घरी एक नाही. परवडत नाही. रविवारी सकाळी तासभर हेडफोन लावून खेळतो. जगबुडी झाली तरी कळलं नसतं."

"तुझा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. कीबोर्डच्या खाली चिकटवलाय."

मी कपाळावर हात मारला. असल्या माणसाला वाचवायचं म्हणजे गळक्या बादलीने पाणी भरण्यातला प्रकार.

मग गोदामवाले काका. साठीला आलेले, रोज सातला दुकान उघडून झाडलोट करणारे. त्यांनी आधीच कानांवर हात ठेवले.

"मी झाडत होतो. झाडताना मी मान वर करत नाही."

"काल सकाळी कोण कोण आलं होतं?"

"पोपट आला. ताई साडेसातला येतात, नेहमीसारख्या आल्या. नऊला मालक येऊन बसले, रविवारी बसतात तसे. मेहुणेसाहेब अकराला. ते रोज अकरालाच येतात. आजच साडेआठला कसे आले देव जाणे."

"डबे मागच्या दाराने गेले असतील?"

काका हसले. "मागचं शटर महिन्यापासून गुडघ्याएवढंच उघडतं. त्याखालून मांजर जाईल. मशीनचा डबा सूटकेसएवढा, आडवा टाकला तरी अडकेल. पुढून गेला असता तर माझ्या झाडूवरून गेला असता."

"आणि माळ्यावरची खिडकी?"

"ती बुजवून पाच-सहा वर्षं झाली. भिंतीत नुसता कोनाडा राहिलाय."

मेहुण्यांना शोधत गेले तर ते जिन्याखाली दुकानाच्या फोनवर कुजबुजत होते. "हो, अठराच्या अठरा एकरकमी तुम्हालाच. नव्या किमतीवर तुम्ही म्हणाला होतात तेवढे. अहो, आज नाही जमत म्हणतोय ना! ओरडू नका!" मला बघून त्यांनी फोन आपटला.

"कोणाला देणार होतात अठरा?"

"तुम्ही मोजा, बाई. नाक खुपसू नका."

राहिल्या काउंटरताई. पन्नाशीच्या, चौदा वर्षं याच खुर्चीत. पैसे घ्यायचे, नंबर द्यायचे, किमतीच्या चिठ्ठ्या छापायच्या, आणि पाच महिने अठरा लोकांच्या शिव्या ऐकायच्या. मेहुणे परत येऊन त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले, फोनवर पहारा ठेवायला. ते चहाला उठले तेवढ्यात मी विचारलं.

"ताई, काल सकाळी काही दिसलं?"

"मी माझ्या कामात होते हो." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "चार नंबरवाले गृहस्थ रोज दहाला फोन करतात. आज मेहुण्यांनी उचलला आणि ठेवून दिला. त्यांना मी शब्द दिला होता." मग एकदम म्हणाल्या, "मोजायला चालला आहात? मागच्या वर्षीसारखी वही मी धरू का?"

"राहू दे. आज मी एकटीच मोजते."

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. पोपट मात्र दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. बारा वाजून गेले होते.

४. चोर पावती फाडतो का?

अठरा बिलांचे कागद मांडीवर घेऊन बसले. आधी चीडच आली, कारण तपास म्हणून मी सकाळभर साप साप म्हणून भुई धोपटत होते.

साधी गोष्ट बघा. चोर कधी पावती फाडतो का? ज्याला डबे पळवायचे आहेत तो डबे उचलतो आणि जातो. हा पस्तीस मिनिटं बसून अठरा बिलं कापतो, तीही दुसऱ्याच्या नावांवर. का?

बिलं पुन्हा वाचली. प्रत्येकावर एकच ओळ: एक मशीन. बस्स.

बावीस वर्षं मी ही दुकानं मोजतेय. मशीन घेणारा माणूस नुसतं मशीन घेऊन कधीच जात नाही. आधी एकटा येऊन किंमत बघून जातो. मग बायकोला घेऊन येतो, आणि ती म्हणते, आधी फ्रिज बदलू. तिसऱ्यांदा येतो तेव्हा घेतो, आणि घेतल्यावर त्याचा हात सैल होतो. दहा मशीनमागे सात जादा कंट्रोलर जातात, कारण घरात एकट्याने खेळलं की भांडणं होतात. गेम तर प्रत्येकजण घेतो, नाहीतर घरी जाऊन डब्याकडे बघत बसायचं का? वर पोपटसारखा सेल्समन असला की वाढीव वॉरंटी गळ्यात पडतेच. इथे अठरांत एक कंट्रोलर नाही, एक गेम नाही. म्हणजे बिलं फाडली तेव्हा समोर गिऱ्हाइक नव्हतंच.

दुसरं म्हणजे, प्रत्येक बिलावर पूर्ण पत्ता होता, पिनकोडसकट. मी पोपटची मागच्या महिन्याची बिलं काढली. पत्त्याची जागा सगळीकडे कोरी! त्याचं तोंड चालू असतं तेव्हा हात चालत नाहीत. ही अठरा बिलं त्याने लिहिलेली नव्हती.

मेहुणे? त्यांना आज हे डबे राजरोस विकायचे होते, तेही एकाच ठोक घेणाऱ्याला, चढ्या भावाने. त्यासाठी तर ते साडेआठला आले. आपल्याच ताटातलं कोण चोरेल? काकांचं म्हणाल तर ते कॉम्प्युटर फडक्याने पुसतात, त्यापलीकडे हात लावत नाहीत.

आणि किंमत जुनी. सोमवारी कॉम्प्युटर आपोआप नवी किंमत धरणार होता. बिलं रविवारीच कापायला हवी होती, कारण एकदा बिल कापलं आणि पैसे भरलेले असले की माल गिऱ्हाइकाचा. मग दुकानदार नाचला तरी त्याला तो दुसऱ्याला विकता येत नाही.

हे काम चोराचं नव्हतं. अठरा लोकांच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं होतं.

पण मग डबे? पुढून गेले नाहीत, मागून जाणं शक्य नाही, खिडकी नाही. म्हणजे ते आत होते. याच दुकानात, आणि आज मी ते कुठल्याही क्षणी मोजणार होते. कोणाला इतकी खात्री होती की ते मला सापडणार नाहीत?

५. माझाच आकडा

माळ्यावर गेले. माइक मोजले, चटया मोजल्या, डिस्क मोजल्या. लाल चिठ्ठी, लाल चिठ्ठी, लाल चिठ्ठी. मग स्टिअरिंगच्या ढिगासमोर आले आणि सवयीने वहीत लिहिलं: रुंदीला चार, उंचीला चार, खोलीला तीन, एकूण अठ्ठेचाळीस.

आणि पेन तिथेच थांबलं.

मी मोजलंच नव्हतं! मागच्या वर्षीही नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नाही. खपत नाही तो माल कशाला हलवायचा? गुडघे दुखतात, डबे जड, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणायचं, "अठ्ठेचाळीस, लिहा." मी सांगितलं होतं आणि वही धरलेल्या बाईने लिहिलं होतं.

मग त्या पांढऱ्या चिठ्ठीकडे नीट बघितलं. रविवारी जुना माल अर्ध्या किमतीत काढला होता. सगळ्यावर लाल चिठ्ठी, फक्त यावर नाही. उलट किंमत चढवलेली. न खपणाऱ्या मालाची किंमत कोण वाढवतं? ज्याला तो खपायलाच नको असतो तो. अर्ध्या किमतीत एखाद्या हौशी माणसाने स्टिअरिंग मागितलं असतं, तर डबा ढिगातून ओढावा लागला असता.

डाव्या टोकाच्या चार डब्यांवर धूळ नव्हती. बाकीच्यांवर बोटभर होती.

गुडघ्याला शिव्या घालत मी ते चार डबे उतरवले. त्यामागे आणखी दोन रांगा असायला हव्या होत्या, त्या नव्हत्याच; थेट बुजवलेल्या खिडकीचा कोनाडा होता आणि कोनाड्यात जुन्या जाहिरातीचं कापड टाकलेलं होतं. कापड उचललं.

अठरा डबे, एकावर एक नीट रचलेले. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर, एक ते अठरा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला इतका राग आला की मी जमिनीवरच बसले. राग त्या वही धरणाऱ्या बाईचा आला, मेहुण्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मी कामचुकार आहे हे या दुकानात एकाच व्यक्तीला माहीत होतं.

६. अठरा फोन

अडीचला मेहुणे जेवायला बाहेर गेले आणि पहाऱ्यावर काकांना बसवून गेले. काका झाडत होते, त्यामुळे मान खाली होती. मी काउंटरशी गेले.

"ताई, चला वर. वही धरायला."

त्या उठल्या. जिन्याच्या मधल्या पायरीवर मी थांबले.

"कोनाडा बघितला मी."

ताईंनी कठडा धरला. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही आजही हलवणार नाही."

"ते ऐकवू नका मला! पोपटच्या गळ्याशी आलंय. सकाळी तुमच्यासमोर तो रडकुंडीला आला आणि तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत?"

"पैसे घेणारीच्या लॉगिनवरून बिल फाटत नाही. सेल्समनचंच लागतं. त्याचा पासवर्ड समोर होता. शनिवारी मेहुण्यांना फोनवर बोलताना ऐकलं. अठराच्या अठरा एका माणसाला देणार होते, आणि तो बाहेर दीडपटीने विकणार. मी पाच महिने लोकांना सांगतेय, नंबर आला की फोन करते. एक दिवस चुकवला नाही. माझं ठरलं होतं की आज साडेआठला सगळ्यांना फोन करायचे. मेहुणे अकराला येतात. तोवर लोक बिलं दाखवून डबे घेऊन गेले असते. मग मी सांगणार होते, मी केलं म्हणून."

"आणि ते साडेआठला आले."

"आले. मालक आले. मोबाइल काढून घेतले. मेहुणे मांडीला मांडी लावून बसले. मग भीती वाटली हो. चौदा वर्षं झाली. दर मिनिटाला वाटत होतं, आता सांगते, आता सांगते."

"पोपटलाही प्रत्येक मिनिट मोजावं लागलं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "सांगते मी मालकांना. मी स्वतः सांगते. पण डबे आधी लोकांच्या हातात पडू द्या. नाहीतर पोपट सुटेल, मी जाईन, आणि डबे त्या ठोकवाल्याच्या गाडीत चढतील. काय उपयोग?"

मी मोजणारी बाई. आकडा सांगायचा आणि घरी जायचं, एवढाच माझा करार. कोणाची बाजू घ्यायची नाही, हे मी बावीस वर्षं पाळलं.

पिशवीतून मोबाइल काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"सहाला बोलवा सगळ्यांना. एक मिनिट आधी नाही. पावतीची नक्कल मी छापते."

ताईंना यादी लागली नाही. अठराच्या अठरा फोन नंबर त्यांना पाठ होते.

७. सहा वाजता

मालक गाडीतून उतरले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बसचालक गणवेशातच आला होता. दोन बहिणींनी मिळून एक मशीन घेतलं होतं आणि ते कोणाच्या घरी राहणार यावर त्या पाच महिने भांडत होत्या. सतरा नंबरवाला परगावी होता, त्याने भाऊ पाठवला. चार नंबरवाले गृहस्थ सगळ्यांत पुढे, हातात छत्री उगारून.

मेहुणे काउंटरमागे पांढरेफटक उभे होते. पोपट एका कोपऱ्यात होता, भिंतीला टेकून.

"हे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"मोजणी झाली," मी म्हटलं. "अठरा डबे दुकानातच आहेत, माळ्यावर. चोरी झालेली नाही. बिलं झालेली आहेत, पैसे पाच महिन्यांपूर्वीच भरलेले आहेत. डब्यांचे मालक आता ही समोरची मंडळी. प्रत्येकाच्या हातात पावती आहे, बघून घ्या."

"ठेवले कोणी वर?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं. पण ते माझं नव्हतं.

"मी," ताई म्हणाल्या. "बिलंही मी फाडली. पोपटला काहीसुद्धा माहीत नव्हतं. त्याचं लॉगिन मी न विचारता वापरलं. पोपट, सकाळीच बोलायला हवं होतं मी. मला माफ कर."

पोपट भिंतीपासून सुटला आणि मटकन खुर्चीत बसला.

"आणि मेहुणेसाहेब अठरा डबे कोणाला देणार होते तेही विचारा त्यांना," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

मालकांनी मेहुण्यांकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, उगारलेल्या छत्रीकडे बघितलं. मालक बिनडोक नाहीत. "काका," ते म्हणाले, "डबे खाली आणा."

पुढचा पाऊण तास मी जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते. डबा हातात पडला की माणसं कशी बदलतात! सकाळी आई-बहीण काढणारा तीन नंबर आता कंट्रोलरचे रंग निवडत होता. पोपटने डोळे पुसले, घसा साफ केला आणि सुरू झाला. अठरांतल्या तेरांनी जादा कंट्रोलर घेतला, गेम सगळ्यांनी घेतले, आणि अकरा वॉरंट्या त्याने गळ्यात मारल्या. दहामागे सात, मी म्हटलंच होतं. मालकांच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली.

मग त्यांनी ताईंना आतल्या खोलीत बोलावलं. दार नीट लागत नाही, म्हणून ऐकू आलं.

"तुमचं म्हणणं बरोबर असेलही. पण माझ्याच दुकानात माझ्यापासून माल लपवणारी बाई मी गल्ल्यावर बसवू शकत नाही. उद्यापासून येऊ नका."

"आणि मेहुणे?" ताईंनी विचारलं.

"ते घरचं आहे. मी बघतो."

म्हणजे काही बघणार नाहीत. मला दार लाथेने उघडावंसं वाटलं, पण गुडघा ऐकेना. ताई बाहेर आल्या, खुर्चीवरची उशी आणि चष्म्याची डबी उचलली, गल्ल्यातून आपला मोबाइल घेतला. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हलवून मोजा हं." आणि पुढच्या दाराने, गर्दीतून वाट काढत गेल्या. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या लोकांनी पाच महिने फक्त आवाज ऐकला होता.

मी वही उघडून शेवटच्या पानावर लिहिलं की स्टिअरिंग सेटचा ढीग गेली दोन वर्षं मी न हलवता मोजला आहे, आणि खाली सही केली. मालकांनी वाचलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीचं नंतर बघू." पुढच्या वर्षी इथे दुसरं कोणीतरी मोजेल.

शेवटी चार नंबरवाले गृहस्थ राहिले. डबा काखेत, छत्री मनगटाला. ते काउंटरशी आले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून घुटमळले.

"त्या फोनवर बोलायच्या त्या बाई कुठे बसतात? रोज दहाला मी त्यांना वाट्टेल ते बोललो. आज त्यांचा फोन आला आणि मला एक शब्द सुचला नाही. म्हटलं, समोर भेटून सांगावं."

ते उत्तराची वाट बघत पोपटकडे वळले. पोपटने तोंड उघडलं, खुर्चीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून काही निघालं नाही.